चारला उघडणारं शटर

पाहणीची वेळ अकराची होती. इंद्रजीत पावणेअकरालाच नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या पडदेवाल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि पहिलीच गोष्ट त्याने पाहिली ती म्हणजे तात्यांच्या, त्याच्या वडिलांच्या, दुकानाचं शटर खाली होतं.

आदल्या संध्याकाळी सिडकोतल्या घरी सगळं ठरलं होतं. साडेदहाला शटर वर करायचं. फरशी झाडून घ्यायची. माळ्यावरचा 'दरबार'चा जुना पडदा उतरवून समोरच्या भिंतीवर टांगायचा. तात्यांनी दारातच खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे अधिकाऱ्यांना आल्या आल्या म्हातारा कलावंत दिसेल. तात्यासाहेब 'बरं' म्हणाले होते. मंजुषा काहीच बोलली नव्हती. गप्प बसणं म्हणजे होकार, असं इंद्रजीतने धरलं. बहिणीला अठ्ठेचाळीस वर्षं ओळखत असूनही त्याने असं धरलं.

गल्लीतली बाकीची पाच शटरंही खाली होती. गुलमंडीकडून येणाऱ्या रिक्षा या गल्लीतून आडवाट काढायच्या आणि प्रत्येक रिक्षामागे धुळीचा एक पट्टा उठून दोन्ही बाजूंच्या शटरांवर बसायचा. इंद्रजीतने शटरवर बोटं टेकवली, पण वाजवलं नाही. तो हात त्याने खिशात घातला आणि बाजूच्या बोळात शिरला.

बोळ अडीच फुटांचा. त्याच्या तोंडाशी चार जोड चपला ओळीत काढलेल्या होत्या. त्याने आपले बूट त्यांच्या शेजारी काढले आणि लाकडी दार ढकललं.

आत चोवीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद मांजरपाट जमिनीवर ताणून बसवलेला होता. पत्र्यात बसवलेल्या पारदर्शक पट्ट्यांमधून वरून उजेड पडत होता. मंजुषा साडीचा काचा मारून, अनवाणी, कापडावर उभी होती. हातात पाच फुटी दांड्याचा कुंचा. तिच्या पुढे फिकट निळा पट्टा होता आणि मागे कोरं कापड. काम करणारे कडुबा आणि सोमनाथ दोन कडांना बादल्या घेऊन उभे होते. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले तात्यासाहेब शेगडीवरच्या डब्यातला, सरसात कालवलेला निळा रंग काडीने हलवत होते.

इंद्रजीतला एका नजरेत कळलं. तिने आभाळ धरलं होतं.

पडद्याचं आभाळ एका दमात व्हावं लागतं. सरस गरम असेपर्यंत रंग पसरतो. मध्ये थांबलं की ओली कड वाळते आणि तिथे जोड दिसतो. मग ते आभाळ राहत नाही, लिंपलेली भिंत होते. ओल्या रंगावर धूळ बसली तर तेच. म्हणून या गल्लीतली दुकानं सकाळी दहाला शटर खाली ओढतात आणि चारला वर करतात. इंद्रजीतच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यात आणखी एक कायदा घातला होता : आभाळ धरलं की बाहेरून कुणी हाक मारायची नाही, आणि मारलीच तर आतून कुणी ओ द्यायची नाही. लक्ष्मीबाई जाऊन नऊ वर्षं झाली. कायदा सहाही दुकानांत चालू होता.

"आजच?" इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला.

"खुलताबादकडच्या नाटकवाल्यांची जत्रा शनवारी हाय," मंजुषा मान वर न करता म्हणाली. "त्यांना काय सांगू, पाहणी हाय म्हणून बिनआभाळाचं नाटक करा?"

"पाच मिनिटं शटर वर करू. त्यांनी बघितलं की खाली."

"पाच मिनिटांत कड वाळती, दादा. तुला ठावं हाय."

त्याला ठाऊक होतं. वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत तोही याच फरशीवर अनवाणी चालला होता. नंतर त्याने जालना रोडला फ्लेक्स छापायचं मशीन टाकलं. पहिल्याच वर्षी गल्लीतली निम्मी कामं त्याच्या मशीनवर गेली, आणि हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. दिवाळीच्या जेवणालाही नाही. आज तो जे करत होता त्यात त्या वर्षांची भरपाई होती, असं त्याला स्वतःला वाटत होतं. 'कलापथ' योजनेत ही गल्ली येणार. जुन्या बाजारात लोक परत यावेत म्हणून पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत दगडी वाट होणार, भिंतींवर चित्रं येणार, मधे कलाभवन उभं राहणार. वापरात नसलेल्या जागा कलाभवनात जाणार आणि त्यांच्या मालकांना आत एकेक गाळा मिळणार. आराखड्यातल्या यादीत ही सहाही दुकानं 'वापरात नाही' म्हणून आली होती. हरकत घेतली म्हणून आज पाहणी होती. पाहणीत वापर सिद्ध झाला नाही तर यादी कायम. इंद्रजीतने दोन्ही दोर धरून ठेवले होते. वापर दिसला तर उत्तमच, नाही दिसला तर गाळ्याचं संमतिपत्र त्याच्या पिशवीत तयार होतं. फक्त तात्यांची सही राहिली होती.

"दुकान जाईल, मंजू. मग गाळ्यावर यावं लागंल."

"केवढा गाळा?"

"सहा बाय आठ. पहिल्या मजल्यावर. लिफ्ट हाय."

मंजुषाने कुंचा बादलीत बुडवला, कडेला निथळला आणि पुन्हा टेकवला. "ह्यो पडदा चोवीस फुटाचा. घडी घालून रंगवू का?"

कडुबा हसला आणि लगेच गप्प झाला.

"मी तुझ्यासाठीच सांगायलोय."

"मी काम करायले, ते दाखवायला काम बंद करू? मग त्यांनी यादीत लिहिलंय ते खरंच की." तिने एक पाऊल मागे टाकलं. "शटर चारला उघडतं. चारला या म्हणावं."

इंद्रजीत तात्यांकडे वळला. काल 'बरं' म्हणाले होते ते तेच. त्याने पिशवीतून योजनेची चकचकीत पुस्तिका काढली आणि सतरावं पान उघडून तात्यांच्या मांडीवर ठेवली. पानभर 'दरबार'चं छायाचित्र होतं. नक्षीदार खांब, तांबडा गालिचा, मागे आरसेमहालाची भिंत. तात्यांनी तो छप्पन्न साली, बाविसाव्या वर्षी, कन्नडच्या एका मंडळीसाठी रंगवला होता. कलाभवनात तो काचेत राहणार होता. खाली तात्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं.

तात्यासाहेबांनी काडी डब्यात सोडली, चष्मा पुसला आणि नाव वाचलं. दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा खुलला, हे इंद्रजीतने पाहिलं आणि संमतिपत्र बाहेर काढलं.

तात्यांचं बोट नावाच्या वरच्या ओळीवर गेलं होतं.

"लुप्त म्हंजी?"

"म्हणजे... आता ऱ्हायली नाय अशी. पूर्वीची."

"लुप्त पडदा-चित्रकला," तात्यांनी सावकाश वाचलं. मग चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. ती आठव्या फुटावर होती. "मंग ही काय करायली?"

 ती ओळ इंद्रजीतच्या मुलीने, प्रेरणाने, लिहिली होती, हे त्याला माहीत होतं. तात्यांनाही माहीत असावं, कारण त्यांनी कुणी लिहिलं हे विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केला, संमतिपत्र घेतलं, चौघडी घातली आणि शेगडीच्या पायाखाली सारलं.

"शेगडी एका बाजूला कलायली," ते म्हणाले. "आता नीट बसली."

*

प्रेरणा त्या वेळी बाहेर, शटरसमोर उभी होती. इंद्रजीतची ही थोरली. योजनेचं सर्वेक्षण करणाऱ्या सल्लागार कंपनीत ती दोन वर्षं नगररचनाकार होती. तिच्या एका बाजूला तिचे वरिष्ठ अतुल सर आणि दुसऱ्या बाजूला पाहणीसाठी आलेल्या योजनाधिकारी कालिंदी मॅडम. मॅडमनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं.

"शटर बंद आहे," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. त्यांनी नोंद केल्यासारखं म्हटलं.

अतुल सरांनी प्रेरणाला दोन पावलं बाजूला घेतलं आणि थोडक्यात समजावलं. घरच्यांना सांग, शटर वर करू देत. आपण 'सर्वेक्षणानंतर सुरू झालेला वापर' अशी नोंद घेऊ. त्यांना गाळा मिळतोच आहे, आपली सर्वेक्षणाची पत्रकंही शाबूत राहतात. एक पत्रक चुकलं असं लिहून दिलं तर बाकीच्या दोनशे अकरांवर बोट येतं. हे सगळं ते शांतपणे बोलले. प्रेरणाला ते वाईट माणूस कधीच वाटले नव्हते, आताही वाटले नाहीत.

योजनेवर तिचा विश्वास होता, आणि तो खोटा नव्हता. संध्याकाळी आठनंतर हा बाजार ओस पडतो. गिऱ्हाईक जालना रोडच्या मॉलमध्ये गेलं. लोकांना इथे परत आणायचं तर इथे बघण्यासारखं काहीतरी हवं, हे तिने अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. सतराव्या पानावरची ओळ लिहिताना तिला आजोबांचा अभिमान वाटला होता.

तिने फाईल उघडली. पत्रक क्रमांक १३७. नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, 'शटर बंद, तीन भेटींत प्रतिसाद नाही, वापरात नसल्याचे दिसते', आणि खाली तिची सही. ऑक्टोबरात दोन दुपारी, कार्यालयात बसून, चहा पीत तिने दोनशे बारा पत्रकांवर सह्या केल्या होत्या. पत्रकावर मालकाचं नाव नव्हतं, क्रमांक होता. आजोबांच्या दुकानाला क्रमांक असतो हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिच्यासाठी ते दुकान होतं.

पत्रकाला छायाचित्र जोडलेलं होतं. शटर, ओटा, डावीकडे बोळाचं तोंड. तिने ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. बोळाच्या तोंडाशी, चित्राच्या अगदी कडेला, चपला होत्या. चार जोड.

तिने मान वर केली. चपला तिथेच होत्या. शेजारी वडिलांचे बूट.

पलीकडच्या ओट्यावर सांडूभाई बसले होते. पडद्यांचे लाकडी रूळ तेच करायचे, आणि यादीत आपला क्रमांक आलाय हे गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच शोधलं होतं. मूळचे सिल्लोडचे. प्रेरणाला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होते.

"बेटा, तुम्हारे लोगां आए थे," ते म्हणाले. "तीन बार आए. शटर बजाए, आवाज दिए, लिखके चले गए. बाजू में आके देखे नै."

"तुम्ही सांगायचं ना चाचा, आत आहेत म्हणून."

"मैं बी तो अंदर था. मेरे दुकान में बी शटर नीचे." त्यांनी बोटाने वर दाखवलं, आभाळाकडे नाही, लक्ष्मीबाईंकडे. "अम्मा का कायदा. आवाज आया तो बी जवाब नै देना. सब अंदर चुप बैठे ऱ्हे, तुम्हारे लोगां के जाने की राह देखते."

सहा दुकानं, वीस-बावीस माणसं, आणि सगळी आत श्वास धरून. प्रेरणाला हसू येण्यासारखं होतं. आलं नाही.

ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, पत्रक माझ्या सहीचं आहे. मी इथे आले नव्हते."

अतुल सर म्हणाले, "प्रेरणा, आपण हे कार्यालयात बोलू."

"तीनही भेटी अकरा ते दोनमध्ये झाल्या," प्रेरणा पुढे म्हणाली. तिने पत्रकावरच्या वेळांवर बोट ठेवलं. "त्या वेळात या गल्लीत शटर खाली ठेवून काम चालतं. फोटोतच दिसतंय. चपला आहेत." तिने छायाचित्र पुढे केलं. "हे दुकान माझ्या आजोबांचं आहे, हेही तुम्हाला माहीत असावं. मला ते क्रमांकावरून ओळखता आलं नाही."

मॅडमनी छायाचित्र पाहिलं, मग बोळाकडे पाहिलं.  "मला वापर डोळ्यांनी बघावा लागेल," त्या म्हणाल्या. "शटर उघडायला सांगा."

"ते उघडणार नाही, मॅडम. बोळातून यावं लागेल. चपला काढून. आणि आत गेल्यावर मोठ्याने बोलता येणार नाही."

"हा नियम कुणाचा?"

"आजीचा."

अतुल सर गल्लीच्या तोंडाकडे गेले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

*

मंजुषाला दार उघडल्याचं कळलं ते उजेडावरून. तिने मान वर केली नाही. अठरावा फूट चालू होता आणि निळा आता गडद होत होता. इथे हात घाईने पडला तर खालचा सगळा फिका उजेड वाया जातो. भिंतीकडेने सरकणारे पाय तिला दिसले. पायमोजे घातलेले, बाईचे. त्यांच्यामागे प्रेरणाचे अनवाणी.

तिला सिल्लोडच्या सासरहून एका ट्रंकेसह परत येऊन सोळा वर्षं झाली होती. तेव्हा या दुकानात तिला कुणी काम दिलं नव्हतं. तिने ते घेतलं होतं. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक तात्यांनाच विचारायचं, बाई रंगवणार का. आता विचारत नव्हतं.

पायमोजे भिंतीला टेकून थांबले.  पाच-सात मिनिटं कुंच्याचा आवाज तेवढा येत होता, ओलं कापड झटकल्यासारखा.

मग मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं की वर्षाला असे किती पडदे होतात. मंजुषाने सांगितलं : मोठे अठ्ठावीस, फोटो स्टुडिओचे पन्नासेक, गणपतीच्या देखाव्यांचे वेगळे. कुठे कुठे जातात? वैजापूर, खुलताबाद, कन्नड, जालना, एक मंडळ पार किनवटचं. मॅडम लिहून घेत होत्या.

"कलाभवनात तुम्हाला जागा आहे, हे माहीत आहे ना?"

"आमचा पडदा तिथं काचेत ऱ्हाणार हाय, तेबी माहीत हाय." मंजुषा एकोणिसाव्या फुटावर गेली. "तात्यांना लुप्त म्हणून टांगणार."

प्रेरणाने खाली पाहिलं. कोपऱ्यातून तात्यासाहेब म्हणाले, "पोरीला बोलू नको. मराठी चांगलं लिहिती. माहिती तेवढी चुकली."

मॅडमनी विचारलं, तुम्हाला हा रस्ताच नको आहे का.

मंजुषाने कुंचा उचलला नाही, पण तिचा हात मंद झाला. हे वाक्य तिने काल रात्रीच्या गप्प बसण्यात तयार केलं होतं.

"करा की रस्ता. दगड बसवा, दिवे लावा, लोकं आणा. पण दहा ते चार गल्लीत रिक्षा येऊ देऊ नका आणि सकाळी पाणी मारा. धूळ उठली नाय तर मी स्वतः शटर उघडं ठेवते. बघू द्या लोकांना, आभाळ कसं करतात ते. त्याला कलाभवन कशाला पायजे? रिक्षा अडवायला एक खांब रोवा गल्लीच्या तोंडाला." ती थांबली. "आन् नाय जमलं तर नका करू. पण ही जागा मी सोडत नाय. यादी कायम करा, नोटीस लावा, पोलीस आणा. त्यांनाबी चपला काढूनच आत यावं लागंल."

इंद्रजीत दाराशी उभा होता. मध्येच बोलायची त्याची सवय गल्लीभर माहीत होती.  आज त्याने वाकून सोमनाथच्या हातातली रिकामी बादली घेतली, तात्यांपुढच्या डब्यातून ती भरली, आणि पँट घोट्यावर दुमडून कापडाच्या कडेला येऊन उभा राहिला. बहिणीने बघितलं नाही. पण पुढचा कुंचा तिने त्याच्याच बादलीत बुडवला.

मॅडमनी वही मिटली. त्यांनी कसलंही आश्वासन दिलं नाही. निर्णय समितीचा असतो, एवढंच त्या म्हणाल्या, आणि प्रेरणाकडे वळल्या. नवं पत्रक भरा. इथेच, आत्ता. सहाही दुकानांचं. बाकीची दोनशे सहा पत्रकं पुन्हा तपासायची की नाही हे मी ठरवीन, पण मला वाटतं तपासावी लागतील.

*

प्रेरणा बोळातून बाहेर आली. इंद्रजीत तिच्यामागे आला. हातातली रिकामी बादली धुवायला की मुलीसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिने आधी छायाचित्र काढलं. शटर, ओटा, बोळाचं तोंड, चपला. या वेळी चपला कडेला राहणार नाहीत याची तिने काळजी घेतली. मॅडमच्या सँडलही त्यात आल्या. मग ती सांडूभाईंच्या ओट्यावर बसली आणि गुडघ्यावर फाईल ठेवून लिहू लागली.

दिनांक. वेळ : अकरा चाळीस. शटर : खाली. वापर : चालू.

अतुल सर गल्लीच्या तोंडाशी होते. फोनवर वरच्यांशी बोलणं संपलं होतं आणि त्यांना ती लिहिताना दिसली. सही होण्याआधी पोचायला मध्ये चाळीस पावलं आणि दोन रिक्षा होत्या.

"प्रेरणा!" त्यांनी हाक मारली. आणि पुन्हा, जास्त मोठ्याने.

सहा शटरांच्या आत कुणी ओ दिली नाही. प्रेरणानेही मान वर केली नाही.

इंद्रजीत बोळाच्या तोंडाशी होता, तो पुढे निघाला. उन्हात, अनवाणी, पँट घोट्यावर दुमडलेली, हातात निळी बादली. तो रिक्षांच्या आडवा गेला, एकीला हाताने थांबवलं आणि अतुल सरांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, हाक मारू नका," तो हळू म्हणाला. "आत आभाळ चालू हाय."

त्याच्या मागे प्रेरणाने सही केली.